अर्थशास्त्रात परदेशी एम.एस्सी. : जर्मनी, ब्रिटन की आधी इथेच एम.ए.?

पंचगंगा

सर्वांना नमस्कार. मी कोल्हापूर जिल्ह्यातील एका महाविद्यालयात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. अर्थशास्त्र हा माझा मुख्य विषय असून पाचव्या सत्राअखेर सरासरी श्रेणी गुणांक १० पैकी ७.८ आहे. बारावी विज्ञान शाखेतून गणितासह झाली. मात्र पदवीच्या तीन वर्षांत संख्याशास्त्राचा एक पेपर सोडला तर गणिताशी संबंध आला नाही. पहिल्या वर्षी इतिहास, भूगोल आणि भाषा हेही विषय होते. तिसऱ्या वर्षी जवळजवळ सगळे पेपर अर्थशास्त्राचे आहेत.

मला शेती आणि सहकार यांच्या अर्थकारणात रस आहे. ऊसदर, एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर) एकरकमी द्यावी की टप्प्याटप्प्याने, कारखान्यांची थकबाकी, या विषयांवर आमच्या भागात बोलणारे पुष्कळ आहेत; पण आकडेवारी नीट हाताळून काही सिद्ध करून दाखवणारे फार कमी आढळतात. ते शिकावे अशी इच्छा आहे. पुढे संशोधन करायचे की नोकरी, हे अजून पक्के ठरलेले नाही.

जर्मनीत शिक्षण शुल्क नसते असे ऐकले. ब्रिटनमध्ये एका वर्षात पदवी मिळते असेही ऐकले. एका सल्लागार संस्थेने मात्र बर्लिनमधील एक खासगी विद्यापीठ सुचवले असून तिथे प्रवेश नक्की मिळेल असे सांगितले आहे. माझे शिक्षक म्हणतात की आधी पुण्याला किंवा दिल्लीला एम.ए. करावे. वडील एका सहकारी दूध संघात नोकरीला आहेत, गावात घर आणि थोडी शेतजमीन आहे. कर्ज काढावे लागेल, आणि ते १५ ते १८ लाखांच्या पुढे जाऊ नये असे घरच्यांचे मत आहे. या परिस्थितीत कोणता मार्ग शहाणपणाचा ठरेल, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया लिहावे.

राईनकाठी

मी बॉन विद्यापीठात अर्थशास्त्राच्या एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणून जर्मनीबद्दल जरा सविस्तर लिहिते.

सर्वात आधी शुल्क आणि शहर बाजूला ठेवून स्वतःची गुणपत्रिका समोर घ्या. इथल्या नावाजलेल्या विभागांमध्ये अर्जाची पहिली छाननी पदवीच्या आशयावर होते. युरोपात एक शैक्षणिक वर्ष ६० ईसीटीएस (युरोपातील सामायिक पद्धतीच्या) श्रेयांकांचे मानतात, त्यामुळे तीन वर्षांची पदवी १८० श्रेयांकांची धरली जाते. त्या १८० पैकी अर्थशास्त्राचे किती, गणित आणि संख्याशास्त्राचे किती, अर्थमितीचे (आर्थिक आकडेवारीच्या संख्याशास्त्रीय विश्लेषणाचे) किती, हे विभाग मोजतो आणि त्याची किमान मर्यादा प्रवेशाच्या नियमांत लिहिलेली असते. तुमच्या वर्णनावरून अर्थशास्त्राचा वाटा साधारण निम्मा भरेल असे वाटते. गणिताचा वाटा फार थोडा आहे, आणि अडचण तिथे येईल. आपल्याकडील बी.ए. झालेल्या पुष्कळ विद्यार्थ्यांना नकार येतो तो टक्केवारीमुळे येतो असा समज आहे. प्रत्यक्षात बऱ्याचदा तो या मोजणीमुळे येतो. प्रत्येक पेपरचा अभ्यासक्रम इंग्रजीत, विद्यापीठाच्या शिक्क्यासह जमा करून ठेवा. ‘परिमाणात्मक तंत्रे’ एवढ्या नावाच्या पेपरमध्ये नेमके काय शिकवले हे तिथल्या प्राध्यापकाला त्या नावावरून कळत नाही.

गुणांचे रूपांतर एका ठरलेल्या सूत्राने होते. कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांतील फरकाने भागायचे, ३ ने गुणायचे आणि १ मिळवायचा. किमान उत्तीर्ण श्रेणी ४ धरली तर ७.८ चे २.१ होतात. जर्मनीत १.० सर्वोत्तम आणि ४.० काठावर उत्तीर्ण, म्हणजे २.१ ही चांगली श्रेणी आहे. तिच्यामुळे दार बंद होणार नाही.

आता पैशांविषयी. सरकारी विद्यापीठांत बहुतेक राज्यांमध्ये शिक्षण शुल्क नाही, दर सत्राला काहीशे युरोंची वर्गणी असते. मात्र बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याने २०१७च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो शुल्क लावले आहे. अर्थशास्त्रासाठी नाणावलेले मानहाइम याच राज्यात येते, शिवाय ट्युबिंगेन आणि हायडेलबर्गही. बॉन नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियात असल्यामुळे त्यातून सुटते. सल्लागाराने सुचवलेले विद्यापीठ खासगी आहे, म्हणजे तिथे भरपूर शुल्क असणार. असे सल्लागार विद्यार्थ्याकडून थोडे आणि विद्यापीठाकडून बरेच घेतात, हे ध्यानात ठेवून त्यांचे ऐकावे. ‘नक्की प्रवेश’ हे शब्द मला तरी धोक्याची सूचना वाटतात.

व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाची रक्कम जर्मनीतील अवरुद्ध खात्यात आधी भरावी लागते. सप्टेंबर २०२४पासून ती ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो आहे. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर १२ लाखांच्या जवळपास होतात. हे शुल्क नव्हे. दर महिन्याला ते तुमच्याच हातात परत येते आणि त्यातूनच भाडे, विमा, जेवण भागवायचे असते. दुसऱ्या वर्षाचा खर्च मात्र वेगळा उभा करावा लागतो. विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. एखाद्या प्राध्यापकाकडे ‘हिवी’ म्हणून, म्हणजे विद्यार्थी सहायक म्हणून काम मिळाले तर पैसेही मिळतात आणि विदा, म्हणजे आकडेवारी, हाताळण्याचा सरावही होतो. पण पहिल्या सत्रात ते मिळेल असे गृहीत धरून हिशेब मांडू नका. पहिले सत्र अभ्यासातच जाते.

नोव्हेंबर २०२२पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्रही (शैक्षणिक कागदपत्रे तपासून दिलेले) सक्तीचे आहे. त्याचे शुल्क १८,००० रुपये असून त्याला लागणारा वेळ हातात ठेवून अर्ज करावा, कारण बरीच विद्यापीठे प्रवेशअर्जाबरोबरच ते मागतात.

अभ्यासाचे स्वरूप हा खरा धक्का असतो. ‘स्पष्ट करा’, ‘टीपा लिहा’ असे प्रश्न इथे नसतात. ग्राहकाच्या पसंतीक्रमाविषयी काही गृहीतके देतात आणि त्यांवरून मागणी फलनाचा एखादा गुणधर्म सिद्ध करायला सांगतात, किंवा एखादा अंदाजक (आकडेवारीवरून अंदाज काढण्याचे सूत्र) कोणत्या अटींवर सुसंगत राहतो ते दाखवायला सांगतात. बॉनमध्ये ही परंपरा जुनी आहे. खेळ सिद्धांतासाठी १९९४ साली नोबेल मिळालेले राइनहार्ट झेल्टन इथलेच प्राध्यापक. परीक्षेच्या प्रयत्नांनाही मर्यादा असते, आणि आवश्यक विषयात सगळे प्रयत्न संपले तर विद्यापीठ सोडावे लागते. त्यामुळे गणिताची तयारी करून येणे ही ऐच्छिक गोष्ट राहत नाही.

शेवटी भाषेबद्दल. शिक्षण इंग्रजीत होते, नोकरी मात्र बहुधा जर्मन मागते. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिन्यांचा परवाना मिळतो, तो काळ भाषा शिकण्यात घालवला तर हाती काही उरत नाही. आणखी एक गैरसमज इथे दर वर्षी ऐकू येतो, की फ्रँकफुर्टला शिकले म्हणजे युरोपीय मध्यवर्ती बँकेत चिकटता येते. त्या बँकेच्या नोकऱ्यांना युरोपीय संघातील देशाचे नागरिकत्व लागते.

ठाणेकर_लंडन

राईनकाठी यांनी जर्मनीचे चित्र नेमके मांडले आहे. मी लंडनमध्ये एक वर्षाची एम.एस्सी. करून सध्या एका सल्लागार कंपनीत स्पर्धा धोरणाच्या विभागात काम करतो. माझे मत ब्रिटनच्या बाजूने नाही, निदान तुमच्या अंदाजपत्रकात तरी.

एक वर्ष म्हणजे खरोखर एकच वर्ष. सप्टेंबरमध्ये गणिताची उजळणी, ऑक्टोबरपासून तीन मुख्य विषय, उन्हाळ्याच्या तोंडावर परीक्षा, नंतर प्रबंध. मोठ्या बँका आणि सल्लागार कंपन्या पुढच्या वर्षाच्या भरतीचे अर्ज शरद ऋतूतच घेतात, म्हणजे तुम्हाला अजून वर्गातला पहिला निकालही हाती आलेला नसताना मुलाखती द्याव्या लागतात. ज्यांच्याकडे आधीचा कामाचा अनुभव असतो त्यांना हे जमते. थेट बी.ए.नंतर आलेल्या विद्यार्थ्यांची दोन्हीकडे ओढाताण होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये एम.एस्सी.चा दोन वर्षांचा पर्यायही आहे, ज्यात पहिले वर्ष पाया भक्कम करण्यासाठी असते. पण शुल्कही दोन वर्षांचे.

पदवीनंतरच्या कामाच्या परवान्याची मुदत आतापर्यंत दोन वर्षे होती. १ जानेवारी २०२७पासून अर्ज करणाऱ्यांना ती १८ महिने मिळेल, आणि तुम्ही यापुढे कधीही आलात तरी त्याच गटात याल. त्यानंतर कुशल कामगार व्हिसा हवा असेल तर जुलै २०२५पासून सर्वसाधारण किमान पगार ४१,७०० पौंड आहे. नव्याने उमेदवारी करणाऱ्यांना सवलतीत ३३,४०० पौंड. लंडनमध्ये अर्थशास्त्राच्या पदवीधराला हे अशक्य नाही. लंडनबाहेर, संशोधन संस्थांमध्ये किंवा स्वयंसेवी संस्थांमध्ये मात्र ते अवघड जाते, आणि तुमचा कल नेमका त्याच बाजूचा दिसतो. शिक्षण शुल्क आणि राहण्याच्या खर्चाखेरीज व्हिसासोबत आरोग्य अधिभार म्हणून वर्षाला ७७६ पौंडही आधीच भरावे लागतात.

परत येऊन प्राध्यापकी किंवा सरकारी नोकरी करायची असेल तर पूर्वी एक वर्षाच्या ब्रिटिश पदवीच्या समकक्षतेचा प्रश्न यायचा. जुलै २०२२मध्ये दोन्ही देशांत पदव्यांच्या परस्पर मान्यतेचा करार झाला आणि त्यात एक वर्षाच्या पदव्युत्तर पदवीचाही समावेश आहे, त्यामुळे ती शंका आता बरीचशी मिटली आहे.

ब्रिटनचा विचार पूर्ण शिष्यवृत्ती असेल तरच करावा असे मी म्हणेन. चेव्हनिंग शिष्यवृत्ती सगळा खर्च उचलते, पण तिला २,८०० तासांचा, म्हणजे साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट असते. तुमच्यासाठी ती आजची गोष्ट नव्हे.

बँकवाला_सातारा

शैक्षणिक कर्जे मंजूर करण्याचे काम बरीच वर्षे केले आहे, म्हणून फक्त तेवढ्यापुरते लिहितो.

सार्वजनिक बँकांच्या नमुना योजनेनुसार ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, ४ ते साडेसात लाखांपर्यंत तिसऱ्या व्यक्तीची हमी चालते, आणि त्यापुढे मालमत्तेचे तारण लागते. परदेशी शिक्षणासाठी एकूण खर्चाच्या १५ टक्के रक्कम स्वतःची घालावी लागते. काही बँका निवडक नामांकित विद्यापीठांसाठी मोठी रक्कमही तारणाशिवाय देतात. तुमचे विद्यापीठ त्या यादीत आहे का, हे शाखेत जाऊन आधी विचारा.

तारणाच्या बाबतीत ग्रामीण कुटुंबांची एक ठरलेली अडचण होते. शेतजमीन तारण घ्यायला बहुतेक बँका या कर्जासाठी तयार नसतात. बिगरशेती झालेला प्लॉट, घर किंवा मुदत ठेव चालते. गावठाणातील घर असेल तर त्याचा मिळकत पत्रिकेचा उतारा, बांधकाम परवाना आणि घर आजोबांच्या नावावर राहिले असल्यास वारसनोंद ही कागदपत्रे आजच पाहा. प्रवेशपत्र हातात आल्यावर तलाठी कार्यालयात खेटे घालत बसणाऱ्या पालकांना मी नेहमी पाहतो, आणि तोपर्यंत व्हिसाची तारीख निघून जाते.

अवरुद्ध खात्याची रक्कम कर्जातून भरता येते, पण बँकेला तसे मंजुरीच्या वेळीच सांगावे लागते. शिक्षणाचा काळ अधिक एक वर्ष हप्ता नसतो. व्याज मात्र पहिल्या रकमेपासून चढत असते. शक्य असेल तर त्या काळात व्याज तरी भरत राहा, पुढचा हप्ता बराच हलका होतो. मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या कर्जातून पाठवलेल्या शिक्षणखर्चावर स्रोतावर गोळा होणारा कर लागत नाही. कलम ८०ईखाली व्याजाची वजावट मिळायची ती जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांनाच, तेव्हा वडिलांनी नवी प्रणाली घेतली असेल तर तो फायदा हिशेबात धरू नये.

दुसऱ्या वर्षाचा काही खर्च कामातून भागवला तर १८ लाखांत जर्मनीचे सरकारी विद्यापीठ बसते. ब्रिटन बसत नाही.

पंचगंगा

सर्वांचे मनापासून आभार. घराचा उतारा काढून पाहिला, घर अजून आजोबांच्याच नावावर आहे, त्यामुळे वारसनोंदीचे काम लगेच सुरू केले. सल्लागार संस्थेलाही नकार कळवला.

आता दोन प्रश्न उरतात. पुढे पीएच.डी. करावीशी वाटली तर अमेरिकेचा विचार आत्ताच करावा का? आणि गणिताची जी उणीव राईनकाठी यांनी दाखवली ती भरून काढायची तर एक वर्ष थांबून ऑनलाइन अभ्यासक्रम पुरतील, की शिक्षक म्हणतात तसे इथेच एम.ए. करावे?

अटकेपार

अमेरिकेत पीएच.डी.च्या चौथ्या वर्षाला आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो.

अमेरिकेत अर्थशास्त्राची स्वतंत्र पदव्युत्तर पदवी ही पीएच.डी.ची आवश्यक पायरी मानली जात नाही. विद्यापीठे पदवीनंतर थेट पीएच.डी.ला प्रवेश देतात, आणि त्या प्रवेशाबरोबर बहुधा पाच वर्षांचे शुल्कमाफी आणि विद्यावेतन येते. जी विद्यापीठे वेगळी एम.ए. किंवा एम.एस. चालवतात त्यांपैकी बहुतेक ती पूर्ण शुल्क घेऊन चालवतात. म्हणजे एकाच इमारतीत पीएच.डी.चा विद्यार्थी पगार घेतो आणि एम.ए.चा विद्यार्थी लाखोंनी पैसे मोजतो. १८ लाखांत तिथले एक वर्षही निभणार नाही.

कुणी गेलेच तर अभ्यासक्रमाचा वर्गीकरण क्रमांक तेवढा पाहावा. ‘अर्थमिती आणि परिमाणात्मक अर्थशास्त्र’ या वर्गात नोंदलेल्या पदवीनंतर कामाचा परवाना १२ महिने अधिक २४ महिने मिळतो. सामान्य अर्थशास्त्राच्या वर्गात नोंदलेल्या पदवीला फक्त १२ महिने. दोन्ही पदव्यांच्या नावात आणि वर्गांत फारसा फरक नसतो, त्यामुळे हे अनेकांना तिथे पोहोचल्यावर कळते.

पीएच.डी.च्या प्रवेश समित्या दोन गोष्टी पाहतात: गणिताचे पेपर आणि तुमच्यासोबत संशोधन केलेल्या कुणाची तरी शिफारस. दुसऱ्या गोष्टीसाठी आजकाल बरेच जण एक-दोन वर्षे संशोधन सहायक म्हणून काम करतात. तुमच्या आवडीच्या विषयाला हे फार जवळचे आहे. एमआयटीमध्ये २००३ साली सुरू झालेल्या जे-पाल या गरिबीविषयी संशोधन करणाऱ्या संस्थेचे दक्षिण आशियातील काम मोठे असून गावोगाव सर्वेक्षणे उभी करणे, प्रश्नावली तपासणे, आलेला विदा स्वच्छ करणे यासाठी तिथे सहायक घेतात. मराठी बोलणारी, शेती समजणारी आणि स्टेटा किंवा आर या संख्याशास्त्रीय संगणकप्रणालींवर काम करू शकणारी व्यक्ती तिथे सहज खपते, असे मी खात्रीने सांगू शकतो. त्या कामाचे वेतनही मिळते, हा भाग वेगळा.

आणि थेट परदेशीच गेले पाहिजे असे काही नाही. जे-पालच्या संस्थापकांपैकी एक आणि २०१९चे नोबेल मानकरी अभिजित बॅनर्जी जवाहरलाल नेहरू विद्यापीठातून एम.ए. करून मग हार्वर्डला गेले. त्यांच्या आई निर्मला बॅनर्जी, माहेरच्या पाटणकर, याही अर्थतज्ज्ञ.

निवृत्त_अध्यापक

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. पदव्युत्तर वर्गांना अर्थमिती शिकवण्यातच माझ्या नोकरीची सारी वर्षे गेली, त्यामुळे माझे मत थोडे एकांगी असेल, ते तसे समजून वाचावे.

ऑनलाइन अभ्यासक्रमांनी विषय येतो, श्रेयांक येत नाहीत. एनपीटीईएलवरील आयआयटी प्राध्यापकांची रेषीय बीजगणित, बहुचल कलन, संभाव्यता आणि वास्तव विश्लेषण यांवरील व्याख्याने उत्तम आहेत आणि ती तुम्ही जरूर पाहावीत. परंतु परदेशी विभाग गुणपत्रिकेत श्रेयांक शोधतात. पदवीच्या गुणपत्रिकेत गणित नसताना प्रमाणपत्रांची चळत जोडली तर अर्जाची बाजू थोडी सावरते, छाननीतील मोजणी बदलेलच असे नाही. म्हणून एक वर्ष घरी थांबण्यापेक्षा दोन वर्षांची चांगली एम.ए. किंवा एम.एस्सी. मला अधिक उपयोगी वाटते.

‘चांगली’ या शब्दावर माझा भर आहे. भारतात असे थोडे विभाग आहेत जिथे शिकवण्याची पातळी परदेशातील उत्तम विभागांच्या बरोबरीने बोलते. भारतीय सांख्यिकी संस्थेची परिमाणात्मक अर्थशास्त्राची एम.एस. दिल्ली आणि कोलकाता येथे आहे. प्रवेशपरीक्षा गणितावर, आणि तिथे विद्यार्थ्याकडून शिक्षण शुल्क घेण्याऐवजी त्याला विद्यावेतन दिले जाते. गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था रिझर्व्ह बँकेने १९८७ साली स्थापन केली, तीही तुमच्या विचारात हवी. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आहेच. पुण्याची गोखले संस्था १९३०ची. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ केंब्रिजहून शिकून आले होते आणि प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर त्यांचा मोठा वाटा होता. तुमच्या विषयाचा अभ्यास इथे कसा सुरू झाला हे पाहायचे असेल तर तिथल्या ग्रंथालयात बसून गाडगिळांच्या काळातील ग्रामीण सर्वेक्षणे वाचावीत. ज्या प्रश्नांची तुम्ही यादी दिली आहे त्यांचा विदा कोल्हापूर, सांगली आणि अहिल्यानगरमध्ये आहे; बॉनमध्ये तो हाताळण्याची साधने मिळतील, विदा मिळणार नाही.

एक वर्षाची घाई नसेल तर बारावीचे गणित पुन्हा हातात घ्या आणि या संस्थांच्या प्रवेशपरीक्षांचे जुने पेपर सोडवून पाहा. तुमची तयारी कुठे आहे हे त्यातून जितके स्पष्ट कळेल तितके कुणाच्या सल्ल्याने कळणार नाही.

चेव्हनिंग सोडली तर शिष्यवृत्त्यांबद्दल कुणी लिहिलेले दिसत नाही, म्हणून थोडे जोडतो. जर्मनीसाठी डीएएडी या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेच्या योजना आहेत. युरोपीय संघाच्या इरास्मुस मुंडुस योजनेत परिमाणात्मक अर्थशास्त्राचा क्यूईएम नावाचा संयुक्त अभ्यासक्रम असून त्यात पॅरिस, बीलेफेल्ड, बार्सिलोना आणि व्हेनिस येथील विद्यापीठे सहभागी आहेत. निवड झालेल्यांपैकी काहींना पूर्ण शिष्यवृत्ती मिळते. जे. एन. टाटा एन्डाउमेंट ही १८९२पासूनची कर्जरूप शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिला विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची आणि कौटुंबिक उत्पन्नाची अट असते. त्या नावामागे इतिहास आहे. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे बाबासाहेब आंबेडकरांना लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले, मग सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवून साठवलेले पैसे आणि शाहू महाराजांनी केलेले साहाय्य यांच्या बळावर ते १९२० साली पुन्हा गेले आणि १९२३मध्ये लंडनची डी.एस्सी. घेतली. मधल्या काळात त्यांनी बॉन विद्यापीठातही नाव नोंदवले होते.

राईनकाठी

अध्यापकांच्या म्हणण्याशी बऱ्याच अंशी सहमत आहे. फक्त एका ठिकाणी वेगळे मत नोंदवते. भारतात दोन वर्षे आणि मग इथे पुन्हा दोन वर्षांची एम.एस्सी., असे चार वर्षांचे नियोजन कर्ज घेणाऱ्या घरासाठी जड आहे. भारतातली एम.ए. करायचीच असेल तर ती अशी करा की तिच्यानंतर दुसऱ्या एम.एस्सी.ची गरजच पडू नये, आणि तुम्ही थेट पीएच.डी.साठी किंवा संशोधन सहायकाच्या कामासाठी अर्ज करू शकाल. सांख्यिकी संस्था किंवा गोरेगाव यांपैकी एखाद्या ठिकाणी प्रवेश मिळाला तर मी जर्मनीचा विचार तूर्त सोडून द्यायला सांगेन. त्या परीक्षा सुटल्या नाहीत तर मात्र साधारण दर्जाच्या एम.ए.त दोन वर्षे घालवण्यापेक्षा, पदवीचे चौथे वर्ष तुमच्या विद्यापीठात उपलब्ध असल्यास ते घ्या आणि त्यात गणित व संख्याशास्त्राचे जितके पेपर निवडता येतील तितके निवडा. ते श्रेयांक गुणपत्रिकेत येतात, आणि मोजणीत धरले जाण्याची शक्यता त्यांनाच जास्त असते.

चौथ्या वर्षात असतानाच एपीएसचा अर्ज, इंग्रजीची परीक्षा आणि विभागाने मागितली असेल तर जीआरई (पदव्युत्तर प्रवेशासाठीची परीक्षा) ही तीन कामे दिवाळीच्या आसपास उरकावीत. जीआरईत गणिती भागाचे गुण जवळजवळ पैकीच्या पैकी हवेत, शाब्दिक भागाकडे अर्थशास्त्र विभाग फारसे पाहत नाहीत. हिवाळी सत्राचे अर्ज साधारण वसंत ऋतूत बंद होतात, तारखा दर विद्यापीठाच्या वेगळ्या. सहाव्या सत्राचे निकाल लागल्यावर गुणपत्रिका आणि अभ्यासक्रम इथे मांडलात, तर कोणत्या विभागांचे निकष बसतात ते एकेक करून पाहता येईल.